भिंतीवरची रेघ

"पाणी कुठपर्यंत होते?" पुष्करने विचारले.

मीराबाईंनी बैठकीच्या खोलीतल्या भिंतीला पाठ लावली आणि उजवा तळहात छातीशी आडवा धरला. "इथपर्यंत."

विमा कंपनीने पाठवलेल्या त्या तरुण सर्व्हेअरने भिंत निरखून पाहिली. भिंत पांढरीशुभ्र होती. नव्या डिस्टेंपरचा वास अजून गेला नव्हता. फरशी इतकी लखलखीत होती की बूट त्याने कोणी न सांगता दारातच काढले होते.

"खूण दिसत नाही, आजी."

"कशी दिसन? घासून काढली. मी आन् माह्या सुनेनं तीन दिवस घासली, मंग रंग देल्ला. परवा पाहुणे येणार आहेत ना."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी किनवटकडची बावीस माणसे दरवर्षी याच घरात उतरत. मीराबाईंचे यजमान हयात असल्यापासूनचा तो रिवाज होता. तीन आठवड्यांपूर्वी कॉलनीमागचा तलाव ओसंडला आणि घरात गाळ शिरला, म्हणून तो रिवाज मोडावा, हे त्यांच्या मनातसुद्धा आले नव्हते.

"पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावू नका, असे कंपनीने कळवले होते."

"बावीस दिवस? बावीस दिवस चिखलात बसून तुमची वाट पाहाची? सत्तरी उलटली माही, बाबू. या घरात उष्टं भांडं कधी रात्रभर राहू नाई देल्लं मी."

पुष्कर किंचित हसला. मग त्याने वही उघडली. "फोटो तरी असतील?"

दाराशी उभ्या असलेल्या मायाने सासूकडे पाहिले. पाणी ओसरले त्या सकाळी गुडघाभर गाळात उभे राहून तिने फोन वर केला होता. 'ठेव तो,' मीराबाई कडाडल्या होत्या, 'घराची अशी दशा लोकाईले दाखवाची असते का वं?'

"नाई काढले," माया म्हणाली.

"भिजलेल्या गाद्या? कपाट?"

"कबाडीवाल्याले देल्लं सारं."

तो मागच्या खोलीत गेला. तिथल्या भिंतीला खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत भेग गेली होती; हाताची चार बोटे आत जात. ही भिंत पुढचा पावसाळा झेलणार नाही, पाडून बांधा, असे मिस्त्री सांगून गेला होता. मीराबाईंचा मुलगा प्रेमानंद कन्हानच्या खाणीत ड्यूटीवर होता. बांधकामाची सगळी भिस्त त्याने या विम्यावर ठेवली होती. 'सर्व्हेअर आला की कमी बोल, आई,' असे त्याने सकाळपासून तीनदा फोन करून बजावले होते.

पुष्करने भेगेवर तळहात ठेवला. "ओल आहे. पण ओल पावसाचीही असते. भेग जुनी असेल, असे वरचे म्हणतील. घरात पाणी उभे होते याचा पुरावा लागेल, आजी."

"शेजारी गोपाळरावाच्या घरात जाऊन पाहा ना! तो पोराकडे पुण्याले बसला. अजून गाळसुद्धा नाई काढला त्यानं. रेघ आहे तिथं, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"तिथूनच येतोय. पलीकडच्या शेजाऱ्यांनी किल्ली दिली. त्यांच्या दाव्याचे काम झाले."

"मंग तेच पाणी इथं होतं!"

"त्यांचे जोते खाली आहे. तुमचे दोन फूट उंच."

ते दोन फूट मीराबाईंनी मिस्त्रीशी भांडून वाढवून घेतले होते. कॉलनीत त्यांनी ते ऐकवले नव्हते असे एकही घर नव्हते.

पुष्करचा फोन वाजला. तो बोलत अंगणात गेला, तशी माया मागच्या दाराने धावली आणि घमेल्यात गाळ घेऊन आली. हातात पोतेरे होते.

"आई, दोन मिनिटं. होती तिथंच ओढू रेघ. खोटं थोडी आहे?"

मीराबाईंनी घमेल्याकडे पाहिले. तोच गाळ होता, तोच वास. कोपऱ्यातल्या मूर्तीपुढे सकाळची मेणबत्ती विझून गेली होती. त्या मूर्तीसमोर हात जोडून त्या रोज पंचशील म्हणत; खोटे बोलणार नाही, हे त्यातलेच एक.

"बाहेर ठेव ते."

"आई, भिंत पडन."

"ठेव म्हटलं ना!"

आवाज नेहमीचाच होता. हाताने मात्र खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

पुष्कर परत आला. मीराबाई पुन्हा भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, तळहात छातीशी आडवा धरून.

"आजी, जरा बाजूला होता? भिंतीचा फोटो घ्यायचा आहे."

त्या घरात मीराबाईंना बाजूला व्हायला आजवर कोणी सांगितले नव्हते. त्या झाल्या.

फोटोत भिंत आली. पुष्करने वहीत 'पाण्याची खूण आढळली नाही, फोटो नाहीत' असे लिहिले आणि खाली मीराबाईंची सही घेतली. दारात बूट चढवताना तो म्हणाला, "घर मात्र फार छान ठेवलेय तुम्ही." तो मनापासून बोलत होता.

त्याची स्कूटर वळणापलीकडे गेल्यावर मीराबाई म्हणाल्या, "माया, शेगडीतला कोळसा आण."

"आता काहून, आई? गेला ना तो."

"आण. दिसू दे लोकाईले."

त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, छातीच्या उंचीवर कोळसा टेकवला आणि न थांबता चालत गेल्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. नव्या रंगावर काळी रेघ उमटली.

"सतरंज्या टाकून पाहा," त्या म्हणाल्या. "बावीस जण मावले पाहिजेत."

मायाने जरीपटक्याच्या बाजारातून आणलेल्या कोऱ्या सतरंज्या भिंतीलगत ओळीने पसरल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक उशी मांडली. शेवटची उशी ठेवून तिने वर पाहिले. रेघ उशांच्या अडीच हात वर होती.