सातव्या मॅचचा फोन

आईला पुरून आले त्याच दिवशी ऑर्व्हिलचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, डेलचं, वाजलं. बोलणं तुटलं ते तुटलंच. उरला तो वर्षाचा एक फोन. त्यांची बेसबॉलची टीम फायनलची सातवी, निर्णायक मॅच जिंकता जिंकता हरली होती, त्या तारखेला. ती मॅच दोघांनी शेजारी बसून बघितली होती.

ऑक्टोबरात त्या दिवशी डेल फोन करायचा. दोघं आपापल्या घरी मॅचची जुनी टेप लावायचे अन् कोचचा उद्धार करायचे.

"अरे, चेंडू फेकून फेकून पिचरचा खांदा गेलाय, आंधळ्यालाही दिसतंय! ह्या गाढवानं बदलला का नाही त्याला?"

"गाढवाला नावं नको ठेवूस, दादा. गाढवाला कळलं असतं."

तासभर हेच. तब्येतीची चौकशी नाही, पोराबाळांची नाही. शेवटचा चेंडू पडला की फोन खाली. बावीस वर्षं असंच चाललं.

यंदा मात्र टीम फायनल जिंकली. अख्खं गाव रस्त्यावर नाचलं. ऑर्व्हिल हातातली बिअर न उघडता खुर्चीत बसून राहिला. दोन दिवसांनी ती तारीख आली, पण फोन वाजला नाही. शेवटी त्यानंच लावला.

"जिंकलो रे, डेल."

"हो, दादा. बघितलं मी."

टेप लावायचं कुणीच बोलेना.

 

"बरं, ठेवतो," डेल म्हणाला. "आता परत हरले, की कर फोन."