अवसेची जोडणी

धर्मापुरीच्या दूरध्वनी केंद्रातील जुन्या यंत्रावर एकच दिवा लागलेला होता. बाकीच्या लाइनी मुक्या होत्या. शेतपूजेची येळवस असल्याने सारे गाव शेतात जेवायला गेले होते, आणि अभियंता रुद्राणीने ही अमावास्या नेमकी त्यासाठीच मागून घेतली होती. गावाबाहेर जाणारा प्रत्येक फोन या यंत्रातून जाई, आणि खरखरीमुळे ओरडूनच बोलावे लागे. ते बदलताना एकही बोलणे तुटणार नाही, अशी हमी तिने वरिष्ठांना दिली होती. तुटले, तर काम तिच्याकडून काढून पाडव्याच्या मुहूर्तावर, हारतुऱ्यांसह, दुसऱ्या कुणाकडे जाणार होते.

तो दिवा वीरभद्रप्पांच्या फोनचा होता. किराण्याचे व्यापारी; गावात त्यांचा शब्द चाले. सकाळीच ते केंद्राच्या दारात येऊन बजावून गेले होते, "अवसंला जोडलेली तार टिकत न्हाई, म्याडम."

"तार तांब्याची आहे, आप्पा. तिला पंचांग वाचता येत नाही."

त्यावर आप्पा शेतात गेलेच नाहीत. दुकानात बसून त्यांनी परळीच्या भावाला जो फोन लावला, तो अजून चालूच होता. लाइनमन मुंजाजी दुकानावरून चक्कर मारून आला. दोघा भावांचे बोलणे केव्हाच संपले असून आता ते आळीपाळीने खोकत आहेत, असे त्याने सांगितले.

"तोडा की, बाई. अडवायलाच बसलाय त्यो."

"चालू बोलणं मी तोडणार नाही. त्यांचंसुद्धा."

बाकीच्या लाइनी तिने एकेक करून नव्या यंत्रावर नेल्या. आप्पांची तेवढी जुन्यावर राहू दिली आणि स्टूल ओढून दिव्यासमोर बसली. मुंजाजीने आणलेली आंबील तिने तिथेच घेतली.

ऊन कलले तेव्हा दिवा विझला. तिने शेवटची तार काढून नव्या यंत्रावर बसवली आणि जुन्याची वीज तोडली. मुंजाजीने पक्कड खाली ठेवण्याआधीच नव्या यंत्रावर दिवा लागला. फोन मेला का, हे पाहण्यासाठी आप्पांनी पुन्हा परळी लावली होती. लाइन तपासण्याचा रिसीव्हर रुद्राणीने कानाला लावला.

"दादा," भाऊ विचारत होता, "आता कावून इतकं साफ ऐकू यायलंय?"

"साफबिफ काय न्हाई," आप्पा म्हणाले.

पण ते ओरडून म्हणाले नाहीत.