जिन्यावरून गेलेली तार

हेडफोन काढायचा नाही, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. सकाळपासून खुशालराव तसेच बसून होते.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता सरकारी शिक्का दिसत होता. त्यामागचा अधिकारी घोगऱ्या हिंदीत बोलायचा. खुशालरावांच्या आधारकार्डावर कोणी तरी चोरटा माल परदेशी पाठवला होता म्हणे. चौकशी संपेपर्यंत ते घरातच अटकेत होते.

"किसी को बताया, तो बेटा भी अंदर जाएगा."

बेटा म्हणजे कुलदीप. नोकरी सुटल्यापासून तो वरच्या खोलीत, दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर काम शोधत बसे. घरात इंटरनेट एकच. ते आधी खुशालरावांच्या कॉम्प्युटरला येई आणि तिथून एक तार जिन्यावरून वर जाई. खालचा कॉम्प्युटर बंद झाला की वरचं नेट गेलंच. कुलदीपची आई पार्वताबाई बहिणीकडे पातूरला गेलेल्या. अकोल्याच्या घरात बापलेक दोघंच होते.

दुपारी कुलदीप ताट घेऊन खाली आला. नेमका तेव्हा अधिकारी गप्प होता.

"बाबा, तोंड काहून उतरलं तुमचं?"

"काही नाही रे. ऑफिसचं जुनं काम करून राहिलो. तू जाय वर."

"जेवून घ्या मंग. भाजी गरम हाये."

खुशालरावांना भडभडून आलं. या पोराला कशाची झळ लागू द्यायची नव्हती.

कुलदीप वर गेला. थोड्या वेळानं कानात पुन्हा घोगरा आवाज आला. बँकेतली सगळी ठेव तपासणीसाठी सरकारी खात्यात वळवायची होती. खुशालरावांनी बँकेचं पान उघडलं, पण बोट पुढे जाईना. ती ठेव त्यांनी घरात कोणाला न सांगता कुलदीपला दुकान काढून देण्यासाठी राखली होती.

"साहब, वो पैसा मेरे बच्चे का है. उसको मालूम भी नहीं."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"तो फिर बच्चे के नाम वॉरंट निकालूँ?"

खुशालराव ताडकन उठले. आपलं व्हायचं ते होवो, पोराला आत्ताच्या आत्ता मागच्या दारानं पातूरला धाडायचं. त्यांनी भिंतीतला प्लग उपसला. पडदा काळा झाला. हेडफोन भिरकावून ते जिन्याकडे धावले आणि कुलदीपला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं.

वरून तोच घोगरा आवाज येत होता, "हॅलो? खुशालराव? मेरी आवाज आ रही है?"