धक्क्याची सीट

गाडी घरघरली, कुंथली आणि पुन्हा गप्प झाली.

हीटर गेलेत, असं पुटपुटत किसनराव चावी तशीच ठेवून खाली उतरले. कुणी न सांगता नंदाबाई पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. मागच्या हिवाळ्यापासून फुलसावंगीच्या त्या गल्लीत हे असंच चालत आलं होतं. थंडी पडली की ती जुनी डिझेल गाडी चावीला दाद द्यायची नाही. इंजिन आतून तापवणारे हीटर मेले होते. मग शेजारचे रामलाल आणि बबलू शेकोटीवरून उठून यायचे, किसनराव मधोमध लागायचे आणि धक्का बसायचा. धक्क्याला सगळ्यात हलक्या माणसानं सीटवर बसायचं, आणि घरात हलकी नंदाबाईच. दुसरा गियर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, मागून आरोळी आली की सोडायचा. इंजिननं धरलं की ते विझू न देता गाडी वळणापर्यंत न्यायची. तिथं किसनराव पळत येऊन गाडी ताब्यात घ्यायचे.

धक्क्याला बसणं म्हणजे काही गाडी चालवणं नव्हे, असं नंदाबाई स्वतःला बजावायची. गाडी चालवण्याचं तिच्यापुढं नावही काढायची सोय नव्हती. बचत गटाच्या बायांसोबत ती क्लासला गेली होती, शिकलीही झकास. लायसन्स आलं. आणि पहिल्याच दिवशी ढाणकीच्या बाजारात गाडी मागे घेताना ती थेट टमाट्याच्या दुकानात घुसली. सारा बाजार खो खो हसला. तिनं तिथंच चावी नवऱ्याच्या हातात ठेवली आणि पुन्हा हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली. त्यावर किसनराव एका शब्दानं बोलले नाहीत. माणूस चांगलाच, पण भारी चिकट. हीटर बदला, हीटर बदला म्हणून तिचं तोंड दुखलं, तरी यांचं आपलं रोजचं 'उद्या पाहू'.

आज मात्र उद्यावर ढकलण्यासारखं काही नव्हतं. लेकीची, सुरभीची, यवतमाळला पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. वयाची अट संपत आलेली, पोरीला हा शेवटचाच चान्स. मैदानाचं फाटक एकदा लागलं की लागलं, आणि त्याआधी पोचवणारी एकही एसटी नव्हती. सुरभी धक्का मारायला निघाली, तर रामलाल तिच्यावर खेकसला की भरतीच्या दिवशी पायांना जोर लावतात होय, गुमान बस आत. ती आईच्या शेजारी येऊन बसली.

गाडी हलली. मागून आरोळी आली. नंदाबाईनं क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला आणि बसली. पुन्हा धक्का. पुन्हा क्लच. ह्या वेळी भसकन पांढरा धूर निघाला, इंजिननं दोन आचके दिले आणि धरलं! सुरभीनं टाळी वाजवली.

वळण आलं. नंदाबाईनं सवयीनं वेग कमी केला, तसं इंजिन अडखळायला लागलं. आरशात किसनराव दिसत होते. पळता पळता ते थांबले आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. दम लागला बिचाऱ्यांना.

"आई, थांबू नको," सुरभी म्हणाली. "बंद पडली त गेली माही भरती."

नंदाबाईनं ॲक्सिलरेटर दाबला. गाडी वळण ओलांडून गेली. तिसरा गियर पडला, मग चौथा. कपाशीच्या शेतांवर धुकं होतं, पुढचा रस्ता जेमतेम दिसत होता. महागाव मागं पडलं. हायवेवर कापसाचा ट्रक कानाशी भोंगा वाजवत गेला. आधी ती दचकली. मग तिनंही हॉर्न दाबला, चांगला लांबलचक, आणि दोघी मायलेकी खिदळल्या. आर्णीच्या पुढं ऊन पडलं. गाडीचं अडखळणं कधीच थांबलं होतं, पण ते लक्षात घ्यायला तिला सवड कुठं होती? ती नुसती चालवत होती. मजा येत होती, खरंच मजा येत होती.

मैदानाचं फाटक उघडं होतं. सुरभी उडी मारून पळाली आणि आत गेली. थोड्या वेळानं फाटक लागलं. नंदाबाईचे डोळे भरून आले. तिनं इंजिन सुरूच ठेवून नवऱ्याला फोन लावला आणि पोरगी पोचल्याचं एका दमात सांगून टाकलं. आता एसटीनं या म्हणाली, गाडी बंद करायची हिंमत नाही, इथं धक्का मारायला कोण आहे?

किसनराव म्हणाले, खुशाल बंद कर, चावीनं होते चालू. ती चिडली. मेलेल्या हीटरवर गाडी कशी चालू होणार? तेव्हा पलीकडून हळूच उत्तर आलं की हीटर दिवाळीलाच नवे टाकलेत. रोज पहाटे उठून ते त्यांची वायर तेवढी काढून ठेवत होते. आजही काढली होती, पण तापलेल्या इंजिनाला आता तिची गरज नव्हती. इंजिननं धरलंच नसतं, तर मिनिटात लावून दिली असती.

"मंग लोकायले रोज धक्का कायले माराले लावत होते?"

"नुसती चावी हातात देल्ली असती," किसनराव म्हणाले, "त बसली असती का तू?"