रंग कोणता?

ऐन तिशीत डोळे गेले तेव्हापासून ओकबुन मालिश करून पोट भरत होती. गाण्यांचा जुना प्लेअर बिघडला म्हणून मुलगा इन्सू तिला बुसानच्या बाजारात घेऊन आला. “नुसती गुळगुळीत काच! हिच्यावर काय कपाळ घासू? बटणांचा दाखवा,” तिने दुकानदाराला फटकारलं. दुसऱ्या प्लेअरच्या मधल्या बटणावर बारीक उंचवटा होता. “अस्सा! बघ रे,” म्हणत तिने तो इन्सूकडे दिला. “छान आहे, आई,” तो म्हणाला. पण बटणांवरून सरकणारं त्याचं नख उंचवट्यावर थांबलेलं तिने ऐकलं. डोळस माणूस असं चाचपत नाही. तिच्या आईचे डोळे जायला लागले तेव्हा आई असंच चाचपायची. पुढे ओकबुन स्वतःही. “रंग कोणता रे?” तिने जपून विचारलं. “काळा.” “काळा? लालभडक आहे की!” दुकानदार हसला. ओकबुनने मुलाचा हात घट्ट धरला. “दोन द्या.”