समितीबाई

"त्याचं नाव काय म्हणालीस?" समितीबाईंनी पेन उचलत विचारलं.

"नाव... आम्ही सगळ्या सुपरवायझरसाहेबच म्हणतो. खोक्यांच्या विभागाचे."

बाईंचं पेन थांबलं. त्या उठल्या, वाचनालयाच्या कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायल्या आणि परत येऊन बसल्या. मग वडिलांच्या नावासकट त्याचं पूर्ण नाव त्यांनी एका दमात लिहून टाकलं. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला धीर आला. बाईंना कारखान्याची खडान्‌खडा माहिती होती तर!

खरं तर तिला फारशी आशा नव्हती. कारखान्यातली बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती म्हणजे नुसता देखावा. तपासणीला माणसं येणार म्हणताच मालकांनी ते लचांड त्या सुपरवायझरच्याच गळ्यात मारलं होतं. त्याने एका दुपारीत चार बायकांची नावं जमवून बोर्ड टांगला. शेवटचं नाव बाहेरच्या सदस्याचं, एका निवृत्त शिक्षिकेचं, म्हणजे याच बाईंचं. पुढे कागदाच्या गोदामात तो दाराआड तिच्या अंगचटीला येऊ लागला. बोलावं तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर धाकट्या बहिणीचं शिक्षण बंद. शेवटी बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिने त्याच बोर्डावरचा नंबर लावला होता.

दुसऱ्या दिवशी बाई तिला घेऊन थेट मालकांसमोर बसल्या.

मालकांनी तक्रार वाचली आणि कपाळ चोळलं. "अहो, दोघंही आपलीच माणसं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी समजावतो त्याला."

"किडला की आपलाच दात उपटावा लागतो," बाई म्हणाल्या. "चौकशी होईपर्यंत त्याला हिच्यापासून लांब ठेवायचं. हिचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. समितीला बसायला जागा आणि वेळ द्यायचा. हे सगळं मालक म्हणून तुमचं काम. टाळाटाळ केलीत तर कायदा तुम्हालाही सोडणार नाही."

मालकांनी मान डोलावली.

"आणि चौकशीला मी बसणार नाही," उठता उठता बाई म्हणाल्या. "माझ्या जागी एक वकीलबाई येतील."

मुलीच्या पायाखालची जमीनच सरकली. बोलण्यात एवढा दरारा आणि ऐन वेळी हात वर?

पण वकीलबाई खरंच आल्या. साक्षी झाल्या, त्याचंही म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि आरोप खरा ठरला. मालकांनी त्याला कामावरून काढलं. गोदामाच्या दाराला काच बसली, आत लख्ख दिवे लागले. नव्याने नेमलेल्या समितीने एकेका विभागात जाऊन बायकांना कायदा समजावून सांगितला. बहीण कॉलेजात जात राहिली.

एवढं होऊनही बाईंचे आभार मानायचे राहिले होते. वकीलबाईंकडून पत्ता मिळवून, हातात गुलाबाची कुंडी घेऊन ती एका संध्याकाळी न सांगताच त्यांच्या दारात उभी राहिली.

"तू? इथे?" बाई दचकल्या. रस्त्याकडे एक नजर टाकून त्यांनी तिला घाईने आत घेतलं.

मुलीला रडू आवरेना. "बाई, तुमच्यामुळे मी मान वर करून कामाला जाते. हे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले, बाळ? जे झालं ते उशिराच झालं." बाईंनी कुंडी छातीशी धरली. त्यांचेही डोळे भरून आले होते. "तू बोललीस, म्हणून मीच तुझी ऋणी आहे. पण आता नीघ. मागच्या दाराने जा, बसथांबा जवळ पडेल."

मुलगी डोळे पुसत हसली. काही माणसांना कौतुक सोसतच नाही. असा देवमाणूस आपल्याला भेटला, या विचाराने तिला अगदी भरून आलं. मागच्या पायरीवर ती चप्पल घालत होती, तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

"आई, जेवायला वाढ," आतून आवाज आला. "आजही नाहीच म्हणाले नोकरीला."

हा आवाज तिने गोदामाच्या दाराआड अगदी कानाशी ऐकला होता.