टाळी

नवा रस्ता जाणार होता, तिथे अजून नुसतं मोकळं माळरान होतं. रस्ता झाल्यावर गोंगाट किती वाढेल हे सांगायचं तर आधीची शांतता मोजावी लागते. म्हणून इंजिनीअरबाई रोज दुपारी गावाच्या शेवटच्या घराच्या अंगणात आवाज मोजायचं यंत्र मांडायच्या. सुरुवातीची खूण म्हणून एक टाळी वाजवायची आणि मग सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं, ही त्यांच्या कामाची रीत.

पहिल्याच दिवशी रेकॉर्डिंगमध्ये टाळीचा प्रतिध्वनी आला.

"अहो ताई, समोर ना भिंत, ना झाड," घरमालकीण म्हणाली. "आवाज आपटणार कशावर?"

ऑफिसात साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. "यंत्राचं वय झालंय, दुसरं काय!"

यंत्र बदललं. प्रतिध्वनी आलाच, फक्त टाळीच्या जरा जवळ सरकून.

मग तो रोजच जवळ येऊ लागला. बाईंनी हिशेब मांडून पाहिला. आवाज ज्याच्यावर आपटत होता, ते माळावरून घराकडे येत होतं. हिशेब चुकला असेल म्हणून त्यांनी कागद चुरगाळला, पण अंगणात उभं राहून समोर बघायचं सोडलं.

काल टाळी आणि प्रतिध्वनी एकदमच वाजले.

आज बाईंनी यंत्र सुरू केलं आणि हात उचलले. तळवे जुळवायचा मात्र धीर होईना.

टाळी वाजली.

दारातल्या घरमालकिणीने सवयीने तोंडावर बोट ठेवलं. बाईंचे हात अजून हवेतच होते, एकमेकांपासून लांब.